तालमीचा फळा

धाकट्या लेकीचं लग्न झालं, त्या वर्षी आमच्या तालमीचा फुटबॉल संघ ओळीनं पाच सामने हरला. पाचव्याला शेजारच्या पेठेनं चार गोल मारले आणि आमच्या दारावरून हलगी वाजवत मिरवणूक नेली.

त्या संध्याकाळी सगळे कट्ट्यावर जमले. "साळोखे मास्तरांना आता घरी बसवा," सुतारांचा विलास म्हणाला. "कोचनं पोरांना शिव्या घालायच्या असतात. हे अहो-जाहो करत्यात!"

"तीन कप आणलेत त्यांनी," मी म्हणालो.

"काका, तुमचं मत बी त्या कपांशेजारी कपाटात ठेवा."

सगळे हसले. हात वर झाले. माझा एकट्याचा खाली राहिला.

आमच्याकडे ठरलेली गोष्ट चौकातल्या फळ्यावर लिहिली की पक्की होते, आणि फळा लिहायचं काम माझं. पन्नाशीत मला अक्षरं शिकवली ती मास्तरांनीच. "दुसऱ्या कुणीतरी लिहा," मी म्हणालो. हात वर करणाऱ्यांपैकी एकानंही खडू घेतला नाही. शेवटी मीच लिहिलं, 'साळोखे मास्तर यांना कोचपदावरून कमी केले आहे.'

सकाळी मास्तर सरावाला निघाले होते. फळ्यापाशी थांबून त्यांनी चष्मा लावला, सावकाश वाचलं. मग कट्ट्यावर माझ्याजवळ आले. गळ्यातली शिट्टी काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "अक्षर छान आलंय."

साळोखे मास्तर त्याच वर्षी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी वारले. तेही फळ्यावर मीच लिहिलं.