बाजवट

तो माणूस आठ दिवसांपासून घरात जेवत होता आणि त्याच्या ताटात भाकर वाढताना सरिताचा हात दर वेळी आखडत होता.

"मी हरीश," असं त्यानं पहिल्या दिवशी दारात उभं राहून सांगितलं होतं. हरीश म्हणजे सरिताचा थोरला भाऊ. बत्तीस वर्षांपूर्वी, नऊ वर्षांचा असताना, मायसोबत कळमनुरीच्या बाजाराला गेला आणि गर्दीत हरवला. सरिता तेव्हा सहा वर्षांची. त्यानंतर बाप, संतराम, खिशात पोराचा फोटो घेऊन नांदेड, परभणी, अकोल्याची स्टेशनं पालथी घालत राहिला. पाय थकले तेव्हाच थांबला.

आणि आता हा आला होता. नागपूरकडच्या एका धाब्यावर वाढलो म्हणाला. मोठा बाजार आठवतो, कुणाचं तरी हिरवं लुगडं आठवतं, बाकी काही नाही. आखाडा बाळापूरला कुणीतरी या डोंगरकडा गावातल्या हरवलेल्या पोराची गोष्ट सांगितली, म्हणून आलो.

मायला, शालूबाईला, अलीकडे अंधुकच दिसायचं. तिनं त्याचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला. "आला माझा लेक," म्हणाली. झालं.

"माय, तीन एकर केळीची बाग पाहून आलाय तो," सरिता चुलीपाशी दबक्या आवाजात म्हणाली. "उद्या तुला अंगठा लावायला सांगंल."

"असं वाटतं तं इचार त्याला काय इचारायचं ते."

सरिताला दिवसभर अंगणवाडीत एकच विचार. फोटो, नावं, नातेवाईक, हे सगळं गावात कुणीही सांगेल. मग तिला ओसरीवरचं ते जुनं लाकडी आसन आठवलं. रुंद फळीचं, चार कोरीव पायांचं, पणजीच्या काळचं. गाव त्याला दिवाण म्हणायचं. पण आजीच्या तोंडी त्याचं वेगळंच नाव होतं आणि तिच्यामुळं फक्त याच घरात ते चालायचं. वाळवी लागली तेव्हा बापानं ते फोडून हळद शिजवायच्या कढईखाली घातलं. त्यालाही पंधरा वर्षं झाली. ते नाव परक्याला कुठून ठाऊक असणार?

संध्याकाळी ती त्याच्यासमोर बसली. शालूबाई शेजारीच सुपात डाळ निवडत होती.

"इथं ओसरीवर बसायला एक लाकडी आसन व्हतं. आमी लेकरं त्याच्यावर निजायचो. त्याला घरात काय म्हणायचे?"

 त्यानं एकदा शालूबाईकडं पाहिलं. तिचा हात डाळीतच फिरत होता.

"सांगता येत न्हाई ना?" सरिता उठू लागली.

"बाजवट," तो म्हणाला.

सरिता पुन्हा खाली बसली. आठ दिवस ज्याला नाव घेऊन कधी हाक मारली नव्हती, त्याच्या गुडघ्यावर डोकं टेकून ती हुंदके देऊ लागली. "दादा, मी लई वाईट वागले रे." तोही रडला. मान मात्र त्यानं वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी तो बागेला पाणी द्यायला गेला. सरिताचे पाय घरात ठरेनात. कुणाकुणाला जेवायला बोलवायचं ते ती बोटांवर मोजत होती. बापाच्या फोटोसमोर आली आणि थबकली.

"बा असायला पायजे व्हता, माय. वीस वर्षं वणवण केली त्यानं. दादा दिसला असता तं सुखानं गेला असता."

शालूबाई चाचपत तिच्याजवळ आली.

"सरे, त्या पोराला माय न्हाई. मला लेक न्हाई. आमचं बराबर जमलं. तू मधी खोडा घालशील म्हणून तू अंगणवाडीत गेलीस की मी त्याला घरातलं एकेक शिकवत व्हते. तो शब्दबी मीच दिला."

सरिता फोटोसमोरून वळली. "म्हंजे हा दादा न्हाई? आन् उद्या खरा दादा दारात आला तं त्याला काय तोंड दाखवशील?"

"तो कुठून येतो? बाजारातून येताना कयाधूच्या पुरात माझ्या हातातून सुटला तो. हरवला म्हणलं, म्हणून तुझा बाप तरी वीस वर्षं जगला."