हेमलताचा कौल

मनोरुग्णालयाची गाडी दारात उभी होती. हेमलता परवापासून झोपली नव्हती; मोठमोठ्याने गाणी म्हणत घरातले पडदे धूत होती. पण तिला न्यायचं की नाही, हे भावाच्या हातात नव्हतं. कायद्याप्रमाणे रुग्णाने बरं असताना दिलेला कौलच चालायचा, म्हणून डॉक्टरांनी भिंतीवर तिलाच बोलावलं. बरी असताना तिने यंत्रात ठेवलेली तिचीच ऐकती-बोलती प्रतिमा भिंतीवर उजळली.

"अण्णा, घाबरू नकोस," प्रतिमा भावाला म्हणाली. "मला कोंडू नका. गोळी ताकात लपवून नको, सांगून द्या, मी घेईन. आणि तू पडदे पिळायला बस."

डॉक्टरांनी गाडी परत पाठवली. अण्णाने बाह्या सरसावल्या.

सांगून दिलेली गोळी हेमलताने गिळली आणि भिंतीकडे निरखून पाहिलं.

"बाई समजूतदार दिसते," ती म्हणाली. "तिला जेवल्याशिवाय सोडू नका."