बोंबील आणि बातम्या

वर्सोव्याच्या सोनूबाईची बोंबील सुकवायची वलांडी भरली, म्हणून उरलेले चार तिने टीव्हीच्या अँटेनावर लटकवले. महिनाभर नुसत्या मुंग्या दाखवणाऱ्या टीव्हीत बातम्यांची बाई लख्ख दिसू लागली. बोंबील सुकले की मुंग्या परत. ओले टांगले की बाई हजर. रविवारच्या सिनेमापर्यंत अख्ख्या कोळीवाड्याच्या अँटेनांना बोंबील लोंबत होते.

सोमवारी समोरच्या सोसायटीचे सेक्रेटरी पुरोहित, वासाच्या तक्रारी करून तिचा जीव खाणारे, नाकाला रुमाल लावून दारात उभे.

"दोन बोंबील द्या. खायला नाही, गच्चीवर लावायला."

सोनूबाईने त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"टीव्ही साधा हाय का रंगीत?"

"रंगीत."

"मग बोंबलावर नाय भागायचं. पापलेट लागल."