काशीचा मुक्काम

“आपण घरी कधी जायाचं?” काशीनं विचारलं.

“उद्या,” तुळशीदास मास्तर म्हणाले. “सकाळचा चहा घेऊन निघू.”

काशीनं मान हलवली आणि ती पुन्हा खिडकीबाहेर बघू लागली. बस, एवढंच. रडणं नाही, दाराशी झोंबणं नाही. मास्तर खुर्चीत टेकले. हाच प्रश्न ती साखरशेतला, स्वतःच्या घरात, स्वतःच्या चुलीपुढे बसून विचारायची, तेव्हा ते तिला समजावत बसायचे. हॉटेलच्या खोलीत बसून घरी कधी जायचं असं विचारण्यात काहीच चूक नव्हती.

विसरण्याचा आजार तिला हळूहळू लागला होता. आधी माणसांची नावं गेली, मग वर्षं गेली, शेवटी घरही गेलं. संध्याकाळ झाली की ती कपड्यांचं गाठोडं बांधायची. “अगं, हेच आपलं घर,” मास्तर सांगायचे. “हा बघ आपला लग्नातला फोटो. ही फडताळं तूच करून घेतलीस.” ते पुरावे देत जायचे आणि ती आणखीच घाबरत जायची. मागच्या आठवड्यात ती जव्हारच्या रस्त्यावर सापडली, अनवाणी, काखेत गाठोडं. तेव्हापासून लेक ममता म्हणत होती, आईला ठाण्याच्या एखाद्या संस्थेत ठेवू या. तुमच्यानं आता होत नाही, बाबा.

“थोडं थांब,” मास्तर म्हणाले, आणि फोनवर जव्हारची हॉटेलं शोधत बसले.

“घर इतकं जवळ असताना हॉटेल?” ममताला कळेना.

हॉटेलांबद्दल लोकांनी तिथं लिहिलेलं सगळं मास्तरांनी वाचून काढलं. कुणी दरीच्या देखाव्याबद्दल लिहिलं होतं, कुणी नाश्त्याबद्दल, कुणी फोटो काढायच्या जागांबद्दल. खोली तळमजल्यावर आहे का, न्हाणीत पाय घसरतो का, दरीकडे कठडा आहे का, हे कुणी लिहिलंच नव्हतं. मग त्यांनी एकेका ठिकाणी फोन लावून विचारलं. तेव्हा कुठं पठाराच्या कडेचं हे छोटं हॉटेल सापडलं.

इथं श्रावणातलं धुकं थेट व्हरांड्यात येऊन बसायचं. दुपार कधी सरली ते समजलं नाही. समोरची दरी नाहीशी झाली, मग झाडं नाहीशी झाली, मग बागेतला झोपाळा. कुठून तरी गुरांच्या घंटा तेवढ्या ऐकू येत होत्या. काशी उठून फिरून यायची आणि परतताना खोली विसरायची. “माझी खोली कंची?” ती मॅनेजरला विचारायची. हरेश नावाचा तो तरुण दर वेळी हसून पुढं व्हायचा. “या मावशी, दाखवतो.” जणू ती आत्ताच गाडीतून उतरली आहे. मघाशीच तर दाखवली, असं तो एकदाही म्हणाला नाही.

उजेड मवाळ होत गेला. काशी खुर्चीत रेलली आणि मास्तरांकडे वळून म्हणाली, “तुमी पण इथंच उतरलाय?”

अगं, मी तुझा नवरा, हे मास्तरांच्या ओठांवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं. “हो,” ते म्हणाले. “इथंच.”

“माझा नवरा शाळंत मास्तर हाय.” तिचा आवाज एकदम कोवळा झाला होता. “मानूस बेस हाय. पन सारखा माझ्या चुका काढतो.”

धुक्यात त्यांचा चेहरा तिला दिसला नसावा.

“आणखी सांगा ना त्यांच्याबद्दल,” मास्तर म्हणाले.

आणि ती सांगत राहिली. लावणीच्या वेळी बांधावर उभा राहून तो तिच्याकडे बघत होता म्हणे. पुस्तक वाचता वाचता त्यानं भात करपवला होता. धाकली ममता तापानं फणफणली तेव्हा तिला पाठुंगळी घेऊन तो ओढा ओलांडून गेला होता. मास्तर ऐकत होते. यातलं बरंचसं ते स्वतःच विसरून गेले होते. धुकं त्यांच्या पायांपाशी येऊन थांबलं होतं, आणि दुसऱ्याच कुणाच्या तरी सुखाची गोष्ट ऐकावी तसे ते ऐकत होते.

सकाळी चहा झाला. ते गाडीत बसत असताना हरेश म्हणाला, “काका, फोनवर दोन ओळी लिहा आमच्याबद्दल.”

मास्तरांनी एकच लिहिली : ‘इथं माणसाला काही आठवावं लागत नाही.’

साखरशेतला ममता दार उघडून वाट बघत होती. “आई, आलीस! बघ, आपलं घ—” मास्तरांनी तिला हातानंच थांबवलं.

काशी अंगणात थबकली. तिची बोटं पदराच्या टोकाशी चाळा करू लागली. “ह्ये काय हाय?”

“इथं जागा मोकळी आहे म्हणतात,” मास्तर म्हणाले. “बघून घ्या. आवडली तर राहू. नाही तर दुसरीकडं बघू.”

ती एकटीच आत गेली. मास्तर पिशवी हातात धरून उंबऱ्याबाहेर थांबले. आतून तिची पावलं ऐकू येत होती. तिनं भिंतीवरून हात फिरवला. हंड्यावरचं झाकण काढून पाणी बघितलं. मागचं दार उघडलं. पलीकडं नाचणीचं शेत वाऱ्यावर डुलत होतं. तिथं ती खूप वेळ उभी राहिली.

मग काशी वळली. तिला दारात पिशवी घेऊन ताटकळलेला एक म्हातारा माणूस दिसला. तिच्या कपाळावर आठी पडली. तिनं पदर सावरला.

“अवो,” ती म्हणाली, “असं परक्यागत दारात काय उभं राहिलाय? या ना, घरात या.”