किल्ली कुणी काढायची

बारकी चार्ज झालेली बॅटरी घेऊन टेबलापाशी आली, तेव्हा दादा काळ्या वायरी कापत होता.

"काय करतोयस?"

"वजन उतरवतोय. काटेवाला म्हणतो मूठभर जास्त भरतंय. आहे तसं फायनलला घेणार नाही म्हणे."

टेबलावर त्यांचा 'रेडा', झुंजीचं यंत्र, उताणा पडला होता. पुढे पोलादी पातं, चार मोटारी, आणि पोटात बारकीनं ओढलेल्या वायरी. लाल वायरीनं करंट मोटारीकडे जाणार, काळीनं बॅटरीकडे परत येणार. प्रत्येक मोटारीला आपली जोडी. आता लाल तेवढ्या उरल्या होत्या. परतीचं टोक दादानं मोटारीशेजारीच सांगाड्याला स्क्रूनं आवळलं होतं. काळ्या वायरी टेबलाखाली पडल्या होत्या.

"दादा, सगळा करंट आता सांगाड्यातून परतणार. कंट्रोल बोर्डही तिथंच जोडलाय. पातं जोरात फिरलं की बोर्डाला भोवळ येईल. रिमोटचं ऐकणार नाही तो."

"अ‍ॅल्युमिनियममधून करंट जातो ना? मग झालं. तुझ्या त्या काळ्या दोऱ्या घाल गळ्यात आणि गप बस."

तिनं पक्कड हिसकायला हात पुढे केला. त्यानं उलट्या हाताची एक ठेवून दिली. पक्कड त्याच हातात होती. बारकीचा ओठ फाटला.

शेजारच्या टेबलांवरची माणसं आपापल्या स्क्रूंकडे बघू लागली. यंत्रांच्या मारामारीला तिकीट होतं. ही फुकटात झाली, म्हणून कुणी पाहिली नाही.

वडील खुर्चीतून उठले नाहीत. "चालवणारा तो आहे, त्याला कळतं," ते म्हणाले. "तू रक्त पूस आधी. बोर्डावर सांडेल."

फायनलला काचेच्या पिंजऱ्यात रेड्यानं समोरच्या यंत्राला उभं फाडलं. त्याचं एक चाक उडून काचेवर आपटलं, त्याच्या बॅटरीतून धूर निघाला. लोक बाकांवर चढून ओरडत होते, मार, अजून मार. पंचानं भोंगा वाजवला. दादानं रिमोटची कांडी खाली ओढली. पातं थांबलं नाही. त्यानं रिमोटच बंद केला. पातं थांबलं नाही. रेडा जागच्या जागी गरगरत मेलेल्याला पुन्हा पुन्हा चिरत राहिला.

आता एकच उपाय होता. आत जायचं, रेड्याच्या पाठीवरच्या फटीत हात घालायचा आणि करंट तोडणारी बॅटरीची किल्ली उपसायची. ज्याचं वायरिंग, त्यानंच किल्ली काढायची, असा इथला नियम.

"किल्ली निघाली की बक्षिसाची ढाल तुमची," पंच म्हणाला. "नाही निघाली तर त्यांची. वायरिंग कुणाचं?"

"हिचं," दादा म्हणाला.

"बॅटरी उतरू द्या," बारकी म्हणाली. "आपोआप थांबेल."

"तेवढा वेळ कोण देतंय?" दादा म्हणाला.

वडील आता उठून आले. कधी नव्हे तो त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "जा बाळा. तुझे हात बारीक आहेत. फटीत पटकन जातील."

बारकीनं पिंजऱ्यात पाहिलं. पात्याच्या टोकाला समोरच्या यंत्राचा पत्रा अडकला होता आणि दर फेरीला फरशीवर ठिणग्या पाडत होता. ती पंचाकडे वळली. बोलताना ओठ पुन्हा उघडला.

"मी केलेलं वायरिंग तिकडे टेबलाखाली पडलंय. आत आहे ते याचं."

पंचानं पिंजऱ्याचं दार अर्धं उघडलं. आतला आवाज अंगावर आला. पंच, वडील, पुढच्या बाकावरचे लोक, सगळे दादाकडे बघू लागले.

दादानं दोन्ही हात पाठीमागे नेले.