मोडेपर्यंत

दीपाने मॉनिटर दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि दारातच थांबली. बाकीची मंडळी सकाळीच वरच्या मजल्यावर गेली होती. आजपासून सावेडीच्या त्या ऑफिसात प्रत्येक नवी वेबसाइट नव्या फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे कोडच्या नव्या तयार सांगाड्यावर, उभी राहणार होती. लाराव्हेल या आधीच्या फ्रेमवर्कमधली जुनी कामं सांभाळायला यशोधरा एकटीच खाली राहिली होती, तीही स्वतःहून.

"ताई, अजून वेळ गेलेली नाही. मी नितीनसरांशी बोलते. आपण दोघी मिळून शिकू."

"शिकायला जड जातंय म्हणून नाही गं राहिले मी."

"मग लाराव्हेल धरून किती दिवस बसणार?"

"मोडेपर्यंत."

"ते मोडत नाही ना पण."

यशोधरा हसली. दीपाला काही हसू आलं नाही. ती जिना चढून गेली. वर खुर्च्या सरकल्या, कोणाची तरी थट्टा झाली, मग दार लागलं.

यशोधराने दूध संघाच्या वेबसाइटचं काम उघडलं. अकरा वर्षांपूर्वी ते तिनेच लाराव्हेलमध्ये उभं केलं होतं, आणि लाराव्हेल जसं बदलत गेलं तसं तेही बदलत नेलं होतं. बिघाडांच्या यादीत आज एकही ओळ नव्हती. कालही नव्हती. तक्रारींसाठी ठेवलेला फोन संध्याकाळचे सहा वाजले तरी वाजला नाही.

शेवटी तिनेच संघाच्या कोल्हारच्या दूध संकलन केंद्राला फोन लावला.

"रामहरी बोलतोय."

"संघाच्या वेबसाइटबद्दल विचारायचं होतं. दुधाच्या पावत्या नीट निघतायत ना?"

"निघत्यात की. आजवर कधी अडलं न्हाई. तुमी कोन?"

"मी यशोधरा. ते मी तयार केलंय."

"तयार केलंय?" रामहरी घोटाळला. "मला वाटलं, मशीनसंगंच येतं ते. थांबा हां ताई, दूध आलंय."

त्याने फोन तसाच टेबलावर ठेवला. कॅन घासत पुढे आला. रामहरीने कुणाला तरी मोठ्याने सांगितलं, "सव्वासात लिटर." प्रिंटर करकरला, पावती टर्रकन फाटली. मग दुसरा कॅन, दुसरी पावती. मग तिसरी. तो तिला विसरून गेला होता.

यशोधराने फोन ठेवला नाही. रिकाम्या खोलीत, तो कानाशी घट्ट धरून, ती एकेक पावती फाटताना ऐकत बसली.