लोखंडी हात

"डोळे मिटा. आणि आज फसवाफसवी नको," बायको म्हणाली.

बेकरीच्या भट्टीपासून लांब, पिठाच्या पोत्यावर बसलेल्या लोखंडीने डोळे मिटले आणि डावा हात पुढे केला. मनगटावर फिकट चट्टा होता. बनांवर दूध लावायचा कुंचला तिने त्याच्या बोटांजवळ नेला.

"कळतंय?"

"कळतंय की. करंगळीला."

"अहो, मी अजून लावलाच नाही."

मैदा मळणारा खो खो हसला. एके काळी हाच गडी या हाताचं कौतुक करताना थकत नसे. तापलेला ट्रे उघड्या हाताने ओढणारा असा कारागीर दुसरा कुठे होता? लोखंडी हे नाव त्यानेच ठेवलेलं. हा हाताचा दम नसून कुष्ठरोग आहे, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. आलं तेव्हा बोटं पार बधिर झाली होती.

"औषध सुरू झालंय, आता याच्यापासून कुणाला लागण होत नाही," असं डॉक्टरीणबाईंनी त्याच्या थोरल्या भावाला समोर बसवून सांगितलं होतं. दादाने मान डोलावली, पण तेव्हापासून तो भावाशी चार हात अंतर राखूनच वागे. भट्टी मात्र त्याला बाईंनीच बंद केली होती. बोटांना कळायला लागेपर्यंत तिच्याजवळ फिरकायचं नाही. भट्टीवाचून लोखंडीचा जीव कासावीस व्हायचा. म्हणून तो रोज खोटं बोलायचा आणि रोज पकडला जायचा.

"राहू दे. उद्या बघू," म्हणत बायको उठली.

तेवढ्यात दादा भट्टीतून काढलेला बनांचा ट्रे चिमट्यात धरून टेबलाकडे निघाला आणि पोत्याला अडखळला. ट्रे कलला. लोखंडीने विचारबिचार न करता डावा हात घातला.

"आई गं!"

ट्रे खणखणत खाली पडला, बन चौफेर गडगडले. लोखंडी हात झटकत उभा राहिला आणि मग एकदम थबकला. स्वतःच्या बोटांकडे बघतच राहिला.

"काय झालं?" दादाने विचारलं.

"भाजलं. दादा, भाजलं रे मला."

दादाने चिमटा टाकला. भावाचा हात मनगटाशी, त्या चट्ट्यावरच, घट्ट धरला आणि त्याला ओढत नळापाशी नेलं.

"कुठे भाजलं?"

"सगळीकडे. करंगळीलासुद्धा."

मैदा मळणारा टेबल बडवू लागला. बायको रडत होती आणि हसतही होती. त्या खोलीत इतका आनंद आजवर कधी झाला नव्हता. पाणी वाहत होतं, आणि दादा हात सोडायला तयार नव्हता.

"वहिनी, एवढा आरडाओरडा कसला?" काउंटरवरच्या गिऱ्हाइकाने विचारलं.

बाहीने डोळे पुसत ती पुढे आली. त्याच्या पिशवीत पाव भरला आणि वर एक गरम बन फुकट टाकला.

"आनंदाची बातमी आहे," ती म्हणाली. "आमच्या यांना भाजलं."